सातशे एकोणतीस तुकडे

हॅरॉल्ड मान हे मुळात चहाच्या मळ्यांत काम केलेले रसायनशास्त्रज्ञ. १९०७ साली ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल म्हणून आले आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या लक्षात आले की, दख्खनच्या शेतकऱ्याचे दुखणे मातीची परीक्षा करून कळणारे नाही. ते कळायचे तर एखादे गाव घरोघर आणि बांधोबांध मोजावे लागेल. त्यांनी निवडलेले गाव पुण्याच्या वायव्येला, पवनेच्या काठी होते: पिंपळे सौदागर. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी जमीन, पीक, विहिरी, बैल, कर्ज, रोजगार अशा सगळ्यांची नोंद केली आणि १९१७ साली ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदुस्थानातल्या एकाच खेड्याचा इतका बारीक अभ्यास तोवर क्वचितच झाला होता.

त्या पुस्तकातले काही आकडे पुढे सरकारी अहवालांत आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे फिरत राहिले. गावात १५६ जमीनमालक होते आणि त्यांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. यातले ४६३ तुकडे एकराच्या आतले, तर ११२ तुकडे पाव एकराचेही नव्हते. मान यांनी जुनी कागदपत्रे धुंडाळून मागचा हिशेबही लावला. १७७१ साली, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या काळात, गावातली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ती साडेसतरा एकर झाली, १८२० ते १८४० च्या दरम्यान १४ एकर आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर.

हा उतार वाचताना एक खबरदारी घ्यायला हवी. १७७१ चे खाते एका माणसाचे नव्हे, अख्ख्या एकत्र कुटुंबाचे असायचे. त्यावर तीन भाऊ, त्यांची मुले, एखादी विधवा आत्या आणि एक-दोन गडी जेवत. शिवाय त्या काळात जमीन उदंड आणि माणसे थोडी होती. १८०३-०४ च्या दुष्काळाने आणि त्याच सुमाराच्या लुटालुटीने दख्खनची गावेच्या गावे ओस पडली, मग पाटील ‘उपऱ्या’ला बोलावून, सारा सवलतीने लावून पडीक जमीन कसायला देत. मिरासदार म्हणजे वतनी हक्काचा शेतकरी आणि उपरी म्हणजे बाहेरून आलेला, ही त्या गावगाड्याची जुनी विभागणी. तेव्हा ४० एकरांच्या आकड्यावरून पेशवाईतल्या सुबत्तेचे पोवाडे रचू नयेत. तरी उताराची दिशा खोटी नाही. दोन एकरांहून लहान खाते त्या जुन्या काळात जवळपास नव्हतेच. १९१५ मध्ये मात्र शंभरातली साठ खाती पाच एकरांच्या आत आली होती.

मधल्या काळात काय घडले?

पहिली गोष्ट, जमीन कागदावर आली. पेशवाईत जमीन बिघ्याने मोजत. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चाहूर. काठी किती लांब, यावर गावागणिक मतभेद. इंग्रजांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांकरवी नवी मोजणी सुरू केली, ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आज सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहितात, पण एक आर जवळजवळ एका गुंठ्याएवढाच भरतो, त्यामुळे तलाठ्यापासून दलालापर्यंत सगळे गुंठ्यातच बोलतात. एका बैलजोडीने कसून होईल अशा बेताने सर्व्हे नंबर पाडले गेले. प्रत्येक नंबरावर सारा ठरला, प्रत्येक नंबराला मालक मिळाला आणि त्या मालकाला जमीन विकण्याची आणि गहाण टाकण्याची मुभा मिळाली. सावकाराला आता कर्जापोटी ताब्यात घेता येईल अशी वस्तू मिळाली होती. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्यामागे हीच गोष्ट होती.

दुसरी गोष्ट, माणसे वाढली आणि त्यांना शेताबाहेर काम वाढले नाही. विणकर, तेली, लोहार यांचे धंदे गिरणीच्या मालापुढे बसले, तसे तेही शेतीवर आले.

तिसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: वाटणी. हिंदू वारसाहक्काच्या मिताक्षरा पद्धतीत मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेचा हिस्सेदार होतो. बारा एकरांचा बाप, तीन मुलगे, प्रत्येकी चार एकर. त्या प्रत्येकाला तीन मुलगे, म्हणजे प्रत्येकी ५३ गुंठे. पुढच्या पिढीत दोन भाऊ असले तरी साडेसव्वीस गुंठे उरतात. तीन पिढ्यांत बारा एकरांचा शेतकरी एकराच्याही खाली येतो, आणि यात कोणी उधळपट्टी केलेली नसते.

पण क्षेत्र घटणे हा अर्धाच भाग. वाटणी होते कशी, ते बघण्यासारखे आहे. बापाची जमीन तीन ठिकाणी असते: ओढ्याकाठची काळी, माळावरची मुरमाड आणि विहिरीखालचे बागायत. पंच म्हणतात, काळी थोरल्याला आणि माळ धाकट्याला असे करून चालणार नाही. मग तिन्ही ठिकाणच्या जमिनीचे तीन-तीन भाग होतात. तेही आडवे पाडत नाहीत, उभे पाडतात, कारण प्रत्येकाला रस्त्याकडचे तोंड आणि विहिरीकडची बाजू हवी असते. पुढच्या पिढीत त्या पट्ट्यांच्या पट्ट्या होतात. विहीर तर कापता येत नाही, मग पाण्याचे आणे पडतात. कुणाचा चार आणे हिस्सा, कुणाचा दोन आणे. पूर्वी मोटेच्या पाळ्या लावत, आता विजेच्या मोटारीचे तास लावतात आणि आठवड्यातून तीनच दिवस रात्रीची वीज आली की, त्या तासांवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात विहिरीतल्या आण्यांच्या नोंदी आजही सापडतात. प्रत्येक नव्या पट्टीबरोबर नवा बांध, बांधाबरोबर बांध कोरण्याचे भांडण, आणि भांडणाबरोबर मोजणीचा अर्ज. भाऊबंदकीचे कितीतरी खटले या एक-दीड फुटाच्या मातीवर चालतात.

कोकणात हे टोकाला गेले होते. १९२८ च्या शाही शेती आयोगाच्या अहवालात रत्नागिरीतल्या एकराच्या १/१६० एवढ्या तुकड्याची नोंद आहे. म्हणजे पाव गुंठा. साडेसोळा फूट लांब, साडेसोळा फूट रुंद. एखाद्या बऱ्यापैकी दिवाणखान्याएवढे शेत.

मान यांनी या सगळ्याचा ताळेबंद मांडला. पिंपळे सौदागरच्या १०३ कुटुंबांपैकी फक्त आठ कुटुंबे आपल्या जमिनीवर भागवत होती. आणखी २८ कुटुंबे बाहेर मजुरी करून तोंडमिळवणी करत. उरलेल्या ६७ कुटुंबांची जमाखर्चाची तोंडे मिळतच नव्हती. दख्खनच्या मानाने हे गाव नशीबवान म्हणायचे, कारण खडकीचा दारूगोळा कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता. तरी ही स्थिती. पुढे त्यांनी आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातले कोरडवाहू जातेगाव बुद्रुक असेच मोजले आणि १९२१ साली त्यावर दुसरे पुस्तक काढले.

सरकारला रोग कळला होता आणि औषधही सोपे वाटत होते: तुकडे पडू द्यायचे नाहीत, पडलेले जोडायचे. मुंबई इलाख्याचे शेतकी अधिकारी जी. एफ. कीटिंग यांनी दख्खनसाठी आदर्श शेताचे चित्र रंगवले. सलग चाळीस-पन्नास एकर चांगली जमीन, तीत एक चांगली विहीर आणि शेतातच घर. चित्र सुरेख होते. फक्त त्या चित्रात न बसणाऱ्या माणसांचे काय करायचे, याचे उत्तर त्यात नव्हते.

तो प्रश्न विचारला डॉ. भीमराव आंबेडकरांनी. १९१८ साली, वयाच्या सत्तावीसच्या आसपास, त्यांनी ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमिडीज’ हा निबंध लिहिला. त्यात कीटिंग आणि मान दोघांचीही उलटतपासणी आहे. आंबेडकरांचे म्हणणे असे की, शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्या एकरांवर किती बैल, किती अवजारे, किती भांडवल आणि किती हात लागतात, यांचे प्रमाण बघावे लागते. हिंदुस्थानी शेतकऱ्याकडची साधने इतकी तुटपुंजी आहेत की, त्या मानाने त्याचे शेत लहान नव्हे, मोठेच म्हणावे लागेल! हे वाक्य तेव्हाही अनेकांना तिरपागडे वाटले असेल. पण पुढचा मुद्दा सरळ आहे. वारसा कायद्याला दोष देऊन उपयोग नाही. लोक जमिनीला चिकटून बसतात, कारण दुसरीकडे जायला जागा नाही. रिकामे हात जमिनीवर बसून खातात. त्यांना कारखान्यात काम द्या, जमिनीवरचा भार उतरेल, आणि शेताचा आकार मग आपोआप सुधारेल.

१९२७ साली मुंबई सरकारने तुकड्यांना आळा घालणारे विधेयक कायदेमंडळात आणले, तेव्हा आंबेडकर तिथे सदस्य होते. जबरदस्तीने शेते मोठी केली तर लहान शेतकरी भूमिहीन होईल, हे त्यांनी बजावले आणि त्याऐवजी सहकारी शेतीचा मार्ग सुचवला. बाहेरही विरोध मोठा झाला. विधेयक गुंडाळावे लागले.

आंबेडकरांना मोठ्या जमिनीचे कौतुक का नव्हते, याचे दुसरे कारण कोकणात दिसत होते. तिथे गावचे गाव एका खोताचे असे आणि कसणारा कुळ म्हणून राबे. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप चालवला. १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कागदावर खोताची जमीन शेकडो एकरांची, पण नांगर चालायचा तो कुळांच्या लहान-लहान तुकड्यांवरच. जमीनधारणेचा मोठा आकडा आणि मोठे शेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा चरीच्या कुळांना आधी कळले होते.

स्वातंत्र्य मिळताच मात्र सरकारने दोन परस्परविरोधी कामे एकदमच हाती घेतली. १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. त्याने प्रत्येक भागासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवले आणि त्याहून लहान तुकडा पाडायला व विकायला बंदी घातली. विखुरलेल्या जमिनींची अदलाबदल करून त्या सलग करण्याच्या योजना गावोगाव राबवल्या गेल्या. सर्व्हे नंबरांच्या जागी ‘गट नंबर’ आले ते यातूनच. दुसरीकडे १९४८ च्या कुळकायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कुळे मालक ठरली. मोठी मालकी मोडून लहान मालक घडवायचे आणि लहान तुकडेही पडू द्यायचे नाहीत, अशी ही तारेवरची कसरत होती. यांतला कुळकायदा बराचसा यशस्वी झाला, तुकडेबंदी नाही. कारण सोपे आहे. कायदा विक्री रोखू शकतो, मृत्यू रोखू शकत नाही. खातेदार वारला की वारसांची नावे लागतातच. मग कागदावर एक गट आणि ‘सामाईक’ शेरा, तर शेतात सात भावांचे सात बांध.

एकत्रीकरणाचा घोळ निस्तरणे अजून चालू आहे. कागदावर जमिनी बदलल्या, पण अनेकांनी बापजाद्यांची काळी सोडली नाही. एकाच्या सातबाऱ्यावरची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याची पहिला, असे जोडीजोडीने घडले. बारा वर्षांहून जास्त काळ असा ताबा असेल तर नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून कागद जुळवून घेता यावेत, म्हणून राज्य सरकारला २०२३ साली ‘सलोखा’ नावाची योजना आणावी लागली.

१९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याचीही वेगळीच गंमत झाली. कायदा येणार याची कुणकुण आधीच लागली होती. मोठ्या बागायतदारांच्या घरांत कागदोपत्री वाटण्यांचा हंगाम आला आणि जमिनी मुला-नातवांच्या नावे चढल्या. तुकडे पडल्याचे दुःख कुणालाच नव्हते. १९७५ च्या दुरुस्तीने मर्यादा आणखी खाली आणली: बारमाही बागायत १८ एकर, जिरायत ५४ एकर. मूळ कायद्याचा खरा तडाखा बसला तो खासगी साखर कारखान्यांना. नगर जिल्ह्यातल्या हरेगावच्या बेलापूर कंपनीसारख्या कारखान्यांनी हजारो एकर जमीन शेतकऱ्यांकडून खंडाने घेऊन उसाचे मळे उभे केले होते. ते मळे सरकारकडे गेले, त्यांच्यासाठी १९६३ मध्ये शेती महामंडळ निघाले. ज्या शेतकऱ्यांनी जमिनी खंडाने दिल्या होत्या, ते खंडकरी पुढे अर्धशतकभर मोर्चे काढत राहिले. २०१२ नंतर जमिनी परत मिळू लागल्या, तोवर मूळ मालकांची नातवंडे हक्क सांगायला उभी होती. कारखान्याने सलग केलेला मळा पुन्हा एकर-दोन एकरांत वाटला गेला. महाराष्ट्रात प्रचंड सलग शेतीचा जो एक प्रयोग झाला, त्याचा शेवट असा झाला.

राज्याचे एकूण चित्र कृषी गणनेतून दिसते. १९७०-७१ च्या पहिल्या गणनेत महाराष्ट्रात सुमारे ४९.५ लाख वहिती खाती होती आणि सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये खाती १५२ लाखांवर गेली आणि सरासरी १.३४ हेक्टरवर आली. साडेदहा एकरांवरून सव्वातीन. देशाची सरासरी याच काळात २.२८ वरून १.०८ हेक्टरवर उतरली. आज राज्यातल्या दर पाच खात्यांपैकी साधारण चार खाती दोन हेक्टरांच्या आतली आहेत. पिंपळे सौदागरने दीडशे वर्षांत जो उतार पाहिला, त्याच उताराला अख्खे राज्य पंचेचाळीस वर्षांत लागले.

आणि खुद्द पिंपळे सौदागर? तिथे आंबेडकरांचा उपाय आला, पण त्याने भलतेच वळण घेतले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग मोटारी आणि स्कूटरचे कारखाने आले. १९६० साली दिसकळकर या अभ्यासकांनी या गावाची फेरपाहणी प्रसिद्ध केली तेव्हा ते अजून खेडेच होते. त्यानंतर पिंपरी-चिंचवड महापालिका झाली, शेजारी हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या आणि पवनेकाठच्या मळ्यांत टॉवर उभे राहिले. हातांना काम मिळाले, जमिनीवरचा भार उतरला. पण भार उतरल्यावर शेते मोठी होतील, हे गणित इथे चुकले, कारण शेतेच उरली नाहीत. शहराच्या कडेला जमीन पिकासाठी जेवढी किमती, त्याच्या कितीतरी पट घरासाठी किमती. तुकडा लहान असणे हा तिथे दोष राहिला नाही, उलट गुंठा हेच विक्रीचे माप झाले. अशा गुंठ्या-गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या बेकायदा वस्त्या नियमित करायला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. जमीन विकून गाडी, सोने आणि पांढरे कपडे घेऊन मिरवणाऱ्याला पुण्याच्या परिसराने ‘गुंठामंत्री’ ही पदवीही बहाल केली.

सरकारनेही अखेर हात टेकले. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र खाली आणून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केले. दहा गुंठे म्हणजे बरोबर पाव एकर. मान यांनी दुखण्याचा पुरावा म्हणून जे माप वापरले होते, त्याला आता कायद्याची मान्यता मिळाली आहे.

या सगळ्यात एक तक्रार गावोगाव ऐकू येते, आणि तिचा समाचार घ्यायलाच हवा. ‘मुलींना वाटा दिल्यामुळे जमिनीचे तुकडे झाले’, असे पारावरचे पंच ठामपणे सांगतात. त्याच धाकाने बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. रक्षाबंधनाला साडी आणि तहसीलला अंगठा, असा तो व्यवहार. महाराष्ट्रात मुलींना एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळाला तो १९९४ साली, देशभर २००५ साली. कृषी गणनेचे आकडे याच्या आधीचे बघा. १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर असलेली राज्याची सरासरी १९९०-९१ मध्येच २.२१ हेक्टरवर आली होती. जवळजवळ निम्मी. त्या वीस वर्षांतल्या वाटण्यांना पाटावर बसलेले होते ते भाऊच.